बडग्यानं अडवलेला शॉट

मी हॉरर सिनेमे काढते. त्यामुळे भूत कसं तयार होतं हे मला तुमच्यापेक्षा जरा जास्तच माहीत आहे. साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घातली की रक्त. जुनी पोती, खळ आणि वर्तमानपत्राचा लगदा म्हणजे राक्षस. दरवाजा आपोआप उघडायचा असेल तर मासे पकडायची दोरी — आणि दोरी ओढायला कोणीतरी पलंगाखाली. बहुतेक वेळा मीच.

शिवाय आमचं घर दीक्षा घेतलेलं. आजोबांनी छप्पन साली नागपुरातच धम्म स्वीकारला, त्यानंतर आमच्या उंबऱ्यावर कधी लिंबू-मिरची लागली नाही. बाबा निवृत्त शिक्षक, आजही कोणाच्या अंगात आलं म्हणून कोणी सांगितलं की ते आधी विचारतात, "जेवला होता का तो?" अशा घरात वाढलेली बाई मी. भूत मानत नाही. खाली जे लिहिते आहे ते घडून गेल्यावरही मानत नाही. तेव्हा कमेंटमध्ये "ताई, शांती करून घ्या" लिहिणार असाल तर कृपा करून बोटं वाचवा.

आता प्रसंग.

आमची टीम म्हणजे टीम म्हणायलाही लाज वाटावी एवढी. मी — लेखन, दिग्दर्शन आणि रक्त. निखिल माझा कॉलेजचा मित्र, मिहानमध्ये आयटीत आहे, कॅमेरा त्याचा. प्राजक्ता आमची हिरॉइन, नाटकातली पोरगी, धावायला आणि किंचाळायला एक नंबर. आणि बबलूदादा. बबलूदादा हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, आमच्याच गल्लीतला. उंच, रुंद, आणि स्वभावानं इतका गरीब की पडद्यावर खून केल्यावर प्राजक्ताला विचारतो, "लागलं तर नाही ना बाई तुले?" आमचा खुनी तोच.

नागपूरबाहेरच्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे बाईच्या भल्यामोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. त्यात बडगेही असतात — पोत्यांचे, कागदाचे, बांबूचे मोठाले पुतळे. लोक आपली आजारपणं, संकटं, वैताग सगळं त्यांच्यावर सोपवतात, शहराबाहेर नेतात आणि जाळून टाकतात. लहानपणापासून ते बघताना मला एकच प्रश्न पडायचा — ज्याच्या डोक्यावर सगळ्या गावाची पीडा लादली, त्याला काय वाटत असेल? त्या प्रश्नाचाच मी स्लॅशर केला. एक बडग्या जाळायचा राहून जातो, आणि मग तो लोकांची पीडा ज्याची त्याला परत द्यायला निघतो. कोयता घेऊन.

"मुलगी असून असले खूनखराब्याचे सिनेमे काहून काढतेस वं?" हा प्रश्न मला मावशीपासून फोटोकॉपीवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. उत्तर सगळ्यांना एकच — मला आवडतात म्हणून.

पोशाख मी स्वतः शिवला होता. धान्याची पोती, दोन थरांमध्ये तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेलं, चेहऱ्याला लगद्याचा मुखवटा — मोठे पांढरे डोळे, दात विचकलेले, गालांवर काळे पट्टे. असा पोशाख एकच होता. दुसरा करायची ऐपत आणि ताकद दोन्ही नव्हती. हे लक्षात ठेवा.

शूटिंग खाप्याला. सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी. तिथे एक बंद पडलेलं जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचं. मोठं आवार, पत्र्याच्या शेडी, मागे नदीकडे पडकी भिंत आणि एका बाजूला रुई साठवायचं जुनं गोदाम. मालक खाप्यातले एक वयस्क शेटजी. त्यांनी जागा दिली, पण अट घातली — पहिल्या दिवशी नारळ फोडा आणि त्या बडग्याला हळदकुंकू लावा. मी म्हटलं, "शेटजी, ते पोतं आहे. मी शिवलंय." त्यांचा चेहरा कडू झाला.

रात्रीचे सीन आम्ही दिवसाच काढायचो. लाइट्स भाड्यानं आणणं जमणार नव्हतं. कडक उन्हात शूट करायचं, एक्स्पोजर खाली ओढायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर निळी रात्र करायची. त्यामुळे जे झालं ते भर दुपारी झालं. ऑक्टोबरचं ऊन, घामानं चिकटलेले कपडे, कडुलिंबाखाली ठेवलेले डबे. धुकं नाही, घुबड नाही, काही नाही.

त्या दिवशीचा शॉट सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा. प्राजक्ता आवारातून पळत येते आणि रुईच्या गोदामात शिरते. निखिल कॅमेरा घेऊन तिच्या पुढे, उलटा चालत आत जाणार. मागून बडग्या आत येणार. तिघेही आत, एका दमात, कट न करता. गोदाम आम्ही आदल्या दिवशी दारातून पाहून ठेवलं होतं — रिकामी खोली, जमिनीवर धूळ आणि कापसाचे पुंजके. आत लावायच्या वस्तू दारातच ठेवून आम्ही आलो होतो.

बबलूदादाची रात्रपाळी होती. तो घरी जाऊन, जरा पडून मोटरसायकलनं येणार होता. आधीच्या दिवशी पोशाखाची छाती उसवली होती, चांगली पंजाभर, तणस बाहेर येत होतं. म्हणून तो पोशाख घरी घेऊन गेला होता, बायकोकडून शिवून घ्यायला.

आम्ही रिहर्सल करत होतो, तेवढ्यात निखिल म्हणाला, "आला बघ हिरो."

शेडीच्या कोपऱ्यावर बडग्या उभा होता. पूर्ण पोशाखात.

आम्हाला नवल वाटलं नाही. पहिल्या दिवशीही बबलूदादानं बाहेरच पोशाख चढवून आम्हाला घाबरवलं होतं. जिनिंगमध्ये फोनला रेंज नसते, तेव्हा "पोचलो" असा कॉल येण्याचाही प्रश्न नव्हता. मी लांबूनच ओरडले, "दादा, छाती उसवलेलीच आहे ना गा! वहिनीनं शिवलं नाही का?" उत्तर आलं नाही. मुखवट्यातून तसंही नीट बोलता येत नाही. आणि उसवलेली छाती दिसली तर दिसली, मला आणखी भयानक वाटली. म्हटलं, रोल करा.

पहिला टेक. प्राजक्ता पळाली. निखिल उलटा चालत गोदामाच्या दाराकडे. आणि बडग्या मागून यायच्या ऐवजी बाजूनं झपाझपा चालत आला, दोघांच्या पुढे गेला आणि दारात उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला लावून. निखिलची पाठ त्याच्यावर आपटली.

"कट! दादा, तू मागून यायचंय! मागून!"

तो हलला. पण दुसऱ्या टेकलाही तेच. दारात, हात पसरून.

मी चिडले. ऊन माथ्यावर, बॅटऱ्या संपत आलेल्या. "तू काहून असा करून राहिला आज? झोप नाही झाली का?"

निखिल हसत म्हणाला, "रश्मी, फ्रेम मात्र खतरनाक दिसते यार. दारात बडग्या."

"फ्रेमचं राहू दे. मला आत जायचंय."

तिसऱ्या टेकला मी निखिलला कॅमेरा घेऊन दाराच्या बाजूला उभं केलं आणि प्राजक्ताला सांगितलं, काही झालं तरी त्याच्या हाताखालून वाकून आत शीर. ती तशी धावली. वाकली. आणि बडग्यानं तिचं मनगट पकडून तिला मागे ओढलं. जोरात. ती मातीत पडली. बबलूदादानं कधी तिला एवढ्या जोरात हात लावला नव्हता.

मी धावत गेले आणि त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं. माझी बोटं त्या उसवलेल्या जागेत गेली. तणस टोचलं. आणि तणसाच्या मागे काहीतरी धडधडत होतं. नुसतं धडधडत नव्हतं — एखादं पाखरू मुठीत धरल्यावर फडफडतं ना, तसं. मी हात मागे घेतला. वाटलं, दादाची तब्येत बिघडली. रात्रपाळी, हे ऊन, त्यात पोती.

"बस," मी म्हटलं. "आधी जेवून घेऊ. दादा, मुखवटा काढ आणि पाणी पी."

आम्ही कडुलिंबाखाली आलो. तो तिथेच, दारात. प्राजक्ता मनगट चोळत होती. मी डब्याचं झाकण उघडलं आणि ओरडले, "ये ना गा दादा, भाजी निवून राहिली!"

फाटकातून मोटरसायकलचा आवाज आला.

बबलूदादा होता. घामाघूम, शर्टाला ग्रीस, आणि मागे कॅरिअरला निळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेलं गाठोडं. "माफ कर वं रश्मी," तो उतरता उतरता म्हणाला, "पाटणसावंगीजवळ पंक्चर झालती. फोन लावून राहिलो तर तुमचा लागेच ना. सुरू तर नाही केलं माझ्याबिगर?"

आम्ही तिघांनी एकाच वेळी गोदामाकडे पाहिलं.

दारात कोणी नव्हतं.

प्राजक्ताचा डबा मांडीवरून खाली पडला. निखिल उठून कॅमेऱ्याकडे पळाला. मी बबलूदादाला गाठोडं सोडायला लावलं. पोती, मुखवटा, सगळं आत. छातीवरची उसवण लाल दोऱ्यानं शिवलेली. "तिच्याजवळ दुसरा धागाच नव्हता," दादा ओशाळून म्हणाला. "दिसते का लय?"

निखिलनं हाक मारली. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर आम्ही चौघं वाकून बघत होतो. पोती तीच, मुखवटा तोच, गालांवरचे पट्टे माझ्याच हातचे — डाव्या गालावर ब्रश घसरून आलेलं शेपूटसुद्धा. फक्त छाती उसवलेली. लाल दोरा नाही.

बबलूदादा हळूच म्हणाला, "हा मी नाही."

"माहीत आहे दादा."

"मंग कोण आहे?"

आता माझं काय झालं ते खरं सांगते. मला भीती नाही वाटली, राग आला. कोणीतरी गावातला टवाळ मुखवटा बनवून आमची मजा घेत होता, असंच मला वाटलं. आम्ही सगळं आवार फिरलो. शेडी पाहिल्या. फाटकाशी, कडुलिंबाखाली, तर आम्हीच बसलो होतो. पण नदीकडची भिंत पडकी आहे, तिथून माणूस येऊ शकतो आणि जाऊ शकतो — हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लपवायचं काही नाही. फक्त तिथल्या ओल्या गाळात आमच्या स्वतःच्या पायांशिवाय ठसे नव्हते.

निखिल सामान आवरायला लागला. "चल यार रश्मी. आजच्यासाठी बस."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुले दिसलं नाही का?"

"दिसलं. एक माणूस दिसला. त्याला आपण या गोदामात जायला नको होतो. म्हणून आता तर मी जाणारच." माझा आवाज चढला होता. "शॉट आजच होईल. आणि बबलूदादा मागूनच येईल."

बबलूदादा बिचारा पोशाखाचे पाय चढवायला लागला. प्राजक्ता उठून उभी राहिली, केस बांधले. तिनं नाही म्हटलं असतं तर मी थांबले असते, असं आज वाटतं. तिनं म्हटलं नाही.

दाराशी एक जुना लोखंडी वजनकाटा होता — कापसाची गठाणं मोजायचा, खाली चाकं असलेला. तो मला आत, फ्रेमच्या कोपऱ्यात हवा होता. "आधी हा आत ढकला," मी म्हटलं. निखिल आणि बबलूदादानं मिळून जोर लावला. चाकं कुरकुरली, काटा उंबरा ओलांडून आत गेला, थोडा पुढे घरंगळला...

आणि नाहीसा झाला.

आधी जमीन वाकली. मग लाकूड मोडल्याचा आवाज, धुळीचा लोट, आणि बऱ्याच वेळानं — मला तरी बऱ्याच वेळानं वाटलं — खालून पाण्याचा आवाज.

निखिलचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. बबलूदादानं त्याला कमरेला धरून मागे खेचलं. दोघं एकमेकांवर पडले. धूळ खाली बसली तेव्हा गोदामाच्या मधोमध एक काळं चौकोनी भोक होतं. जुनं पाण्याचं टाकं. कापसाला आग लागली तर हाताशी असावं म्हणून बांधलेलं असणार. वर फळ्या टाकून त्यावर सिमेंटचा पातळ थर दिला होता. खालच्या फळ्या कुजून गेल्या होत्या. आत काटा दिसतही नव्हता.

निखिल उलटा चालत आत जाणार होता. त्याच्यावर प्राजक्ता. तिच्यावर पोत्यात बांधलेला बबलूदादा, ज्याला मुखवट्यातून पायाखालचं दिसत नाही.

मी खाली बसले. बबलूदादा अर्धा बडग्या, अर्धा माणूस, मातीत बसून रडत होता. कोणी कोणाला गप्प केलं नाही.

शेटजी आले. त्यांच्या आजोबांच्या काळातलं टाकं, त्यांनाही त्याची कल्पना नव्हती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण निखिलनं त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते एकदम सावरले. "मी म्हटलं होतं ना तुले, बाई. बडग्याची थट्टा केली तुम्ही. आतातरी माफी मागा. नारळ मी देतो."

"शेटजी," मी म्हटलं, "थट्टेचा राग आला असता तर त्यानं आम्हाला आत जाऊ दिलं असतं."

ते नारळ आणायला वळले.

"नारळ राहू द्या. उद्याच्या उद्या या टाक्याला कठडा करा आणि फाटकाला कुलूप लावा. गावातली माणसं येतात इथं."

आणि त्यांनी केलं, हे मान्य करायला पाहिजे. कठडा मी स्वतः जाऊन पाहिला. कठड्यावर त्यांनी हळदकुंकू लावलं आहे, ते त्यांचं.

दोन दिवसांनी प्राजक्ताचे बाबा माझ्या घरी आले. मुलगी सिनेमात काम करणार नाही म्हणून सांगायला. ती त्यांच्या मागोमागच आली आणि दारातच म्हणाली, "बाबा, मी करणार आहे. मला ज्यानं ओढून काढलं त्यानं मरायला ओढलं नव्हतं. मग मी काहून पळू?" ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच तिला शिकवून पाठवलं होतं. खरंच नव्हतं शिकवलं.

आम्ही सिनेमा पूर्ण केला. दुसऱ्या शेडीत, जमीन आधी लोखंडी सब्बलनं ठोकून पाहून.

खाप्यात मी चौकशी केली. बाजारात, नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना, शाळेतल्या शिक्षकांना. असा मुखवटा कोणी पाहिला नव्हता. आणि समजा, कोणा गाववाल्याला टाक्याबद्दल माहीत होतं — तर तोंडानं सांगायचं होतं ना! पोशाख शिवून, माझ्या ब्रशची चूकसुद्धा उतरवून, न बोलता दारात उभं राहायची काय गरज? ज्याला काही पटणारं सुचतं त्यानं सांगावं. मी ऐकीन. खरंच ऐकीन.

बाबांनी ते फुटेज पाहिलं. शिक्षकी चिकाटीनं, पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून. त्यांनी निखिलला कॅमेऱ्याबद्दल विचारलं, बबलूदादाच्या बायकोला दोऱ्याबद्दल विचारलं, पंक्चरवाल्याकडेही जाऊन आले. दादा त्या वेळी तिथेच बसून चहा पीत होता, असं त्यानं सांगितलं. शेवटी चष्मा काढून बाबा म्हणाले, "जे पाहिलं ते लिही. जे समजलं नाही, तेही लिही. मधली जागा स्वतःच्या मनानं भरू नको."

"पण बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते तुम्ही चौघं जिवंत आहात," ते म्हणाले. "बाकी मले माहीत नाही." माझ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून लिहिते आहे.

तो तिसरा टेक मी सिनेमात ठेवला आहे. मावशीनं हातापाया पडून सांगितलं, काढ. निखिलनंही एकदा म्हटलं, काढ. सोशल मीडियावर कोणी म्हणतं एडिटिंग आहे, कोणी म्हणतं प्रसिद्धीसाठी रचलं, कोणी म्हणतं घरात आग लागेल. लागू द्या. ज्यानं काम केलं त्याचं काम मी कापणार नाही. शेवटी नावं येतात तिथे असं लिहिलं आहे: बडग्या — बबलू. खाली: गोदामाच्या दारातील बडग्या — नाव माहीत नाही.

सिनेमा आम्ही नागपुरात एका छोट्या सभागृहात दाखवला. खुर्च्या कमी पडल्या. बबलूदादा त्याच्या कारखान्यातल्या मित्रांना घेऊन आला होता, प्रत्येक खुनाला ते टाळ्या वाजवत होते. पण गोदामाच्या दाराचा शॉट आला तेव्हा सगळं सभागृह शांत झालं. त्या लोकांना काही सांगितलेलं नव्हतं.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. मागून एका बाईंनी प्राजक्ताला विचारलं, "त्या दारातल्या सीनमध्ये तू त्याच्या डोळ्यात बघते ना... एवढं घाबरलेलं तोंड कसं काय केलं गं?"

प्राजक्तानं माईक हातात घेतला. आम्ही चौघांनी त्या दिवसाबद्दल एकमेकांशी फार बोलणं टाळलं होतं, त्यामुळे तिनं पुढे जे सांगितलं ते मीही तेव्हाच ऐकलं. माझी बोटं आपोआप मिटली. त्या तणसामागची धडधड मी कोणालाच सांगितली नव्हती.

"मी नव्हते घाबरलेली, काकू," ती म्हणाली. "मला तर वाटत होतं शूटिंगच सुरू आहे. घाबरलेला तो होता."